आग्रहाचा घास

लाम यांनी मुखपृष्ठाचा कागद दोन्ही हातांनी धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद थेट नाकाशी नेला. भास्कररावांना वाटलं, छपाई आवडलेली दिसते.

"हा मी," कागदावर बोट ठेवत ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. केस बघा केवढे होते!"

सिडनीच्या वेंटवर्थव्हिल भागातल्या लाम यांच्या घरामागच्या अंगणात दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. मधल्या कुंपणाचा एक पत्रा निखळलेला होता आणि भास्करराव जानेवारीत लेकीकडे आल्यापासून तो मुद्दामच कोणी बसवला नव्हता. रोज दहाच्या सुमाराला भास्करराव त्या फटीतून अंग चोरून पलीकडे जायचे; कधी कढीपत्ता न्यायचे, कधी नुसतेच. लाम यांनी पंचवीस वर्षं बेकरी चालवून ती आता मुलाच्या हाती दिली होती. त्याआधी, आपल्या देशात, व्हिएतनामात असताना, ते सायगॉनच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळे त्यांचं इंग्रजी नेटकं होतं. भास्कररावांचं इंग्रजी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांच्या युनियनसाठी लेबर कमिशनरला निवेदनं लिहिण्यात घडलेलं. तरी गप्पा रंगायच्या.

"बाबा, प्लीज, लाम अंकलशी पॉलिटिक्स नको," विनीताने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "ते सगळं सोडून पळून आलेले लोक आहेत."

तीन महिने भास्कररावांनी हे पथ्य पाळलं. पण पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, एक मेला त्यांचा सत्कार होता, आणि मुखपृष्ठ आलं होतं. विनीताने पॅरामॅटाच्या ऑफिसातल्या रंगीत प्रिंटरवर ते छापून आणलं आणि मग मात्र या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला धीर निघेना. व्हिएतनामचं पुस्तक व्हिएतनामी माणसाला दाखवायचं नाही तर कोणाला?

कागदावर एक काळापांढरा फोटो होता. लांब बाकावर ओळीने बसलेली माणसं, प्रत्येकापुढे भरलेली थाळी. तेहतीस वर्षांचे भास्करराव एका कैद्यापुढे वाकलेले. डावा हात त्याच्या हनुवटीला, उजव्या हातात उकडलेलं अंडं. हसत होते. वर लाल अक्षरं.

"हे काय लिहिलंय?" लाम यांनी विचारलं.

"नाव. तुरुंग नव्हे, शाळा."

"आणि हा कोण?" त्यांचं बोट आता दुसऱ्या माणसावर होतं.

"कैदी. तिकडे त्यांना विद्यार्थीच म्हणायचे. नाव काही कोणी सांगितलं नव्हतं बुवा."

"बाओ," लाम म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर चहाचा मग ठेवला. मग जाळीच्या दाराकडे पाहिलं. आत त्यांची बायको हानबाई फोनवर मुलीशी मोठमोठ्याने बोलत होत्या.

"उद्या या. उद्या हान मुलीकडे जाणार आहे. हा कागद तिला दाखवू नका."

"का?"

"बाओ तिचा भाऊ."

*

भास्करराव घरी आले आणि पुस्तक घेऊन बसले. चौऱ्याऐंशी पानांचं. कम्युनिस्ट पक्षाने त्यांना व्हिएतनामला अकरा दिवसांच्या शिष्टमंडळात पाठवलं होतं, त्यातल्या तुरुंगभेटीच्या एका दिवसाची ही कमाई. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, अभ्यासवर्गांत ते वाचून दाखवलं जायचं. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं एवढं एकच पुस्तक. बायको म्हणायची, दोन मुलं आहेत मला, एक विनीता आणि एक हे पुस्तक.

एकसष्टावं पान त्यांना तोंडपाठ होतं. तरी वाचलं.

'माझ्या समोरचा विद्यार्थी जेवत नव्हता. पाहुण्यांपुढे लाजत असावा. मी अंडं पुढे केलं, त्याने मान फिरवली. दुसऱ्यांदा फिरवली. पण आमच्या कोल्हापुरी आग्रहापुढे कोणाचं चाललंय? हनुवटी धरून घास भरवलाच. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. माणुसकीला भाषा लागत नाही.'

टाळ्या पडायच्या या वाक्याला. आग्रह हा भास्कररावांचा लौकिकच होता. लग्नात, बारशाला, युनियनच्या जेवणावळीला ते पंगतीत वाढायला उतरले की माणसं पानावर दोन्ही हात आडवे धरायची. तरी जिलबी तोंडात जायचीच. नको म्हणणाऱ्याला भरवणं ही त्यांच्या लेखी प्रेमाची एकच खरी रीत होती.

लाम काय सांगणार हे त्यांना ठाऊक होतं. ही मंडळी सगळीकडे तेच सांगतात. कटुता असतेच, घरंदारं गेलेली असतात बिचाऱ्यांची. ऐकून घ्यायचं, वाद घालायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

*

दुसऱ्या दिवशी लाम यांनी चहा विचारला नाही; पुस्तक किती पानांचं आणि त्या घासाबद्दल काय लिहिलंय, तेवढं विचारून घेतलं. टेबलावर मोकळी जागा ठेवून ते समोर बसले, पूर्वी वर्गात बसत असतील तसे.

"तुम्ही स्वयंपाकघर बघितलंत?"

"बघितलं. स्वच्छ होतं."

"चुना ओला होता का?"

भास्करराव थबकले. चुन्याचा वास त्यांना आठवत होता. पुस्तकात लिहिलाही होता, 'नव्या चुन्याचा, नव्या युगाचा वास'.

"आठवडाभर आम्हीच लावत होतो," लाम म्हणाले. "कम्युनिस्टांनी सायगॉन घेतल्यावर, दहा दिवसांचे कपडे घेऊन या, अभ्यासवर्ग आहे, असं सांगून बोलावलं होतं आम्हाला. मी सहा वर्षं राहिलो. एका बराकीत सत्तर माणसं. एका माणसाला दोन विती फळी. एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. कोपऱ्यात कापलेला पिंप, सत्तर जणांसाठी तोच. पहाटे तो उचलून मळ्यात न्यायचा, राखेत मिसळायचा, हातांनी. फावडं मागितलं तर म्हणायचे, श्रमाची लाज वाटते का? तो कालवून भाजीच्या मुळाशी घालायचा. मग तळ्यात हात धुवायचे. स्वयंपाकाचं पाणी त्याच तळ्यातून यायचं."

भास्कररावांनी नकळत हात मांडीखाली घेतले.

"जेवायला ज्वारी."

"हो, ते लिहिलंय मी," भास्करराव घाईने म्हणाले. "आमच्याकडे पण ज्वारीच. जोंधळा. मला तर घरची आठवण..."

"न कांडलेली. टरफलासकट उकडलेली. ती पचत नाही. जशी जाते तशी बाहेर येते." लाम यांचा आवाज अगदी सपाट होता. "हगवण लागली की पिंपात दाणे दिसायचे, आख्खे. काही माणसं ते वेचायची. धुवायची आणि..."

"मिस्टर लाम, पुरे."

"पुरे कसं? तुम्ही चौऱ्याऐंशी पानं लिहिलीत. मी अजून एक पानभर पण बोललो नाही." ते थांबले. "विनीताने एकदा भाकरी दिली होती. मी तिच्यासमोर खाल्ली, चव चांगली होती. मग तिने सांगितलं कशाची आहे. त्या कुंपणाशी जाऊन सगळी काढली मी. तिला सांगू नका, चांगली मुलगी आहे."

भास्कररावांनी कुंपणाच्या त्या फटीकडे पाहिलं.

"तुम्ही आलात त्या दिवशी," लाम पुढे म्हणाले, "पिंप हलवले. आजारी माणसं मागच्या ओढ्यात नेऊन बसवली, तोंडात चिंध्या कोंबून. नव्या चटया आल्या, व्हॉलीबॉलची जाळी आली. प्रत्येकापुढे भात, मासा, अंडं. हुकूम होता की जेवायच्या काड्या हातात धरायच्या, हसायचं, खायचं नाही. पाहुणे गेले की थाळ्या अधिकाऱ्यांच्या मेसला परत. अंडी मोजून आणली होती."

"आम्हाला हे माहीत..."

"बाओ गणिताचा शिक्षक. चार वर्षांत त्याने अंडं बघितलं नव्हतं. तोंडाशी आलं तेव्हा त्याने मान फिरवली. दोनदा. तुम्हीच लिहिलंय म्हणता."

भास्कररावांच्या डाव्या हाताच्या बोटांना ती हनुवटी आठवली. खुंट टोचले होते. दात घट्ट मिटलेले होते आणि आपण अंगठ्याने गाल दाबला होता. पंगतीत दाबायचो तसाच. किती प्रेमाने! शी!

"एक अंडं कमी भरलं," लाम म्हणाले. "संध्याकाळी सभा झाली. बाओने पाहुण्याला खुणावलं, डोळ्यांनी अन्न मागितलं, शाळेची बदनामी केली, असा आरोप ठेवला. बाओ म्हणाला, मी मागितलं नाही, त्याने कोंबलं. पण कोणीतरी सांगितलं की ह्याने स्वतःहून तोंड उघडलं."

"कोणी?"

"बराकीतलंच कोणीतरी." लाम उठले, बागेला पाणी घालायची नळी बंद होतीच, तरी जाऊन तिची चावी पिळून आले. "अमेरिकन सैन्याने टाकून दिलेले लोखंडी खोके होते तिथे. माल ठेवायचे. त्यात घातला. पाय लोखंडात. दुपारी त्या पत्र्याला हात लागला तर कातडी निघायची. सगळं तिथेच करायचं आणि त्यातच बसायचं. भिंतीला भोक होतं, तेवढ्यातून घाण वास आणि आवाज यायचा. सतरा दिवस. आवाज बारा दिवसच आला."

कुंपणापलीकडे कोणाचं तरी गवत कापायचं मशीन सुरू झालं. लाम त्या आवाजातच पुढे बोलू लागले.

"मी आणि आणखी एकाने उचलला. चटईत गुंडाळून. माणूस गार पडला की उवा त्याला सोडतात, माहितेय? रांगेने निघाल्या. माझ्या हातावर चढल्या. मी चटई टाकून दिली आणि हात झटकत बसलो. त्याला खाली टाकून."

आता त्यांचा आवाज सपाट राहिला नव्हता.

"सुटल्यावर त्याचा चष्मा द्यायला त्याच्या घरी गेलो. दार हानने उघडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

भास्करराव उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं. तो मी होतो, हे सांगायची सोय नव्हती, फोटोच सांगत होता. माफ करा म्हणावं तर कशाबद्दल आणि कोणाच्या वतीने? ते फटीतून अलीकडे आले आणि कढीपत्त्याच्या कुंडीला धरून ओकले.

*

शनिवारी दुपारी त्यांनी नंदूला फोन लावला. इचलकरंजीत तेव्हा सकाळ होती. नंदू जुन्या कॉम्रेडचा मुलगा, छापखाना बापाचा आणि निष्ठाही बापाचीच.

"काका, चौकात बॅनर लागलेत बघा! तो घासाचा फोटोच मोठा करून लावलाय. लोक म्हणतायत, काय फोटो आहे!"

"तो माणूस मेला, नंदू."

"पंचेचाळीस वर्षं झाली की काका. मरणारच."

"सतरा दिवसांत मेला. त्या घासापायी."

मग नंदूचा आवाज बदलला.

"कोणी सांगितलं? तिकडं पळून गेलेल्या कोणीतरी? काका, तुम्हीच शिकवलंत आम्हाला, पळून गेलेल्यांचं ऐकून घ्यायचं नसतं म्हणून. अभ्यासवर्गात उभं राहून शिकवलंत."

हे खरं होतं. अगदी याच शब्दांत शिकवलं होतं.

"मी नवी प्रस्तावना लिहितोय," भास्करराव म्हणाले. "सगळं लिहितोय. छापायचं तर तिच्यासकट, नाहीतर पुस्तक काढायचं नाही."

"विरोधक नाचतील, काका. या वयात हे काय काढलंत? सत्काराला जिल्ह्यातनं माणसं येणारायत."

"येऊ देत. त्यांच्यासमोर वाच."

"सोमवारी सकाळी फॉर्म छपाईला मशीनवर चढणार. तोवर आली तर बघतो. नाहीतर जुनी आहेच," असं म्हणून नंदूने फोन ठेवला. ठेवण्याआधी त्याने 'लाल सलाम' म्हटलं नाही.

विनीताने लॅपटॉप उघडला. भास्करराव सांगत गेले आणि ती टाइप करत गेली. चुना, पिंप, ज्वारी. ज्वारीशी आल्यावर तिची बोटं थांबली, मग ती पुन्हा लिहू लागली. खोक्यापाशी आल्यावर मात्र तिने लॅपटॉप बाजूला सारला.

"बाबा, तुम्हाला कुठे माहीत होतं हे? तुम्हाला जे दाखवलं ते बघितलंत. स्वतःला एवढं नका ना टॉर्चर करू."

"वास आला होता मला."

"कसला?"

"तिकडून, ओढ्याच्या बाजूने. चुना मारून तो जातो होय? बरोबरच्या दोघांनी नाकाला रुमाल लावले. मीच त्यांना हसलो. म्हटलं, शेतकऱ्याच्या पोराला खताचं काय वावडं!" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला कळलं होतं, विनू. माणसाच्या घाणीचा वास आणि शेणाचा वास मला वेगळा कळत नाही? पण समोर सगळं एवढं छान मांडलं होतं. ते मोडायला नको वाटलं. घे, लिही हे."

"हे पण?"

"हेच आधी लिही."

तिने लिहिलं. मग इंग्रजीतही करून दिलं, दोन पानं, मोठ्या अक्षरात. लाम यांच्या नजरेखालून घातल्याशिवाय ते पाठवायचं नाही असं भास्कररावांनी ठरवलं होतं. तपशील चुकता कामा नये. एकदा चुकला तेवढा पुष्कळ झाला.

रात्री विनीताने भाताबरोबर अंड्याची करी केली होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पातेलं उचलून आत घेऊन गेली, आणि कोणीच जेवलं नाही.

*

रविवारी सकाळी ते फटीतून पलीकडे गेले. हानबाई घरीच होत्या. जाळीच्या दारातून त्या सिंकपाशी पाठमोऱ्या दिसत होत्या. भाजीची मोठी जुडी नळाखाली धरून पान न् पान धूत होत्या. भास्कररावांना पाहून त्यांनी ओला हात हलवला. त्या हसल्या. भास्कररावांना हसणं जमलं नाही.

लाम यांनी पानं घेतली. ओळीखाली बोट धरून ते सावकाश वाचत होते. एका ठिकाणी पेन मागून त्यांनी 'साठ माणसं'चं 'सत्तर' केलं. वासाच्या परिच्छेदाशी आल्यावर भास्कररावांकडे एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काय?"

भास्कररावांनी वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'त्या माणसाने तोंड उघडलं नाही. त्याने काहीही मागितलं नाही, खुणावलं नाही. त्याचे दात मिटलेले होते. ते मी उघडले. हे मी शपथेवर सांगतो.'

"ते मुद्दाम घातलंय," ते म्हणाले. "तुम्ही म्हणालात ना, सभेत कोणीतरी खोटं सांगितलं. त्या वेळी साक्षीदार नव्हता. मी आहे. तुम्हाला सांगतो, मिस्टर लाम, बाकीचं मला काही फेडता यायचं नाही. पण निदान हे छापून आलं पाहिजे. हानबाईंना वाचून दाखवा. आपला भाऊ खोटं बोलत नव्हता, हे कळू दे त्यांना."

"तो खोटं बोलत नव्हता हे मला माहीत आहे."

"तुमचा विश्वास होता, हो. पण मी प्रत्यक्ष..."

"मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो," लाम म्हणाले.

भास्कररावांनी सवयीने मान डोलावली. मग ती मान तशीच राहिली.

लाम कागदाकडेच बघत होते. "अधिकाऱ्यांना सही लागायची. नुसतं सांगून चालत नसे. मी लिहून दिलं, अक्षर चांगलं होतं माझं. 'त्याने स्वतःहून तोंड उघडलं.' एवढंच वाक्य. दोन रताळी मिळाली. एक मी तिथेच खाल्लं, सालासकट, त्या सही घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर उभा राहून. एक खिशात ठेवलं. म्हटलं, खोक्याच्या भोकातून बाओला देऊ."

"दिलंत?"

लाम यांनी मान हलवली. नाही.

भास्कररावांच्या आतून काहीतरी उमळून वर आलं. कालपरवा स्वतःबद्दल आलं होतं तेच, पण या वेळी समोरच्या माणसाबद्दल. हा माणूस! याने त्याला चटईत गुंडाळून उचललं. याने त्याचा चष्मा त्याच्या घरी नेला. त्याच्या बहिणीशी लग्न केलं, चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवला! त्यांची खुर्ची आपसूक मागे सरकली, सिमेंटवर पाय घासल्याचा आवाज आला, आणि तो आवाज कानी पडताच भास्करराव शरमले. सरकून जायचं तरी कुठे, आणि कोणी?

त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. होती त्याहून जरा जवळच.

"मी एकोणतीस वर्षांचा होतो," लाम म्हणाले. "हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही विचाराल म्हणून सांगतोय."

"मी विचारत नाही."

"तुम्ही वासाचं लिहिलंत. ते लिहायची गरज नव्हती, कोणाला कधी कळलं नसतं." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "माझंही लिहा."

"नाव घालून?"

लाम यांनी जाळीच्या दाराकडे पाहिलं. आत नळ सुरूच होता. हानबाई स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होत्या, पाण्याच्या आवाजात अर्धवट ऐकू येत होतं.

"सोमवार सकाळपर्यंत वेळ आहे ना?"

"उद्या. इथली दुपार."

"मग आधी तिला सांगतो. तुम्ही जाऊ नका. इथेच बसा."

ते उठले. पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या, आणि दार ढकलून आत गेले. जाळीचं दार स्प्रिंगने मागे येऊन आपटलं. भास्करराव गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. आतून लाम यांचा आवाज आला, त्यांच्या भाषेतला, अगदी हळू. त्यातलं एक 'बाओ' एवढंच भास्कररावांना कळलं. हानबाईंनी काहीतरी विचारलं, आणि लाम पुन्हा बोलू लागले, बराच वेळ बोलत राहिले.

मग आतला नळ बंद झाला.